शेगडीवरचं रबर आणि तुमच्या गाडीचा टायर

गाडी मेन स्टँडवर लावा आणि मागच्या टायरच्या रबरात अंगठ्याचं नख रोवून बघा. नख किंचित रुतलं आणि काढल्यावर रबर पुन्हा जागेवर आलं, तर ठीक. दगडात नख रोवल्यासारखं वाटलं, तर वर नक्षी कितीही खोल दिसो, त्या टायरचं वय झालंय.

अनसिंगहून वाशिमला कॉलेजसाठी रोज अप-डाऊन करत असाल, तर हा रोड टायरची किती परीक्षा घेतो हे तुम्हाला माहीत आहे. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या घरात जातो, डांबर तव्यासारखं तापतं आणि टायर त्यावर घासला जातो. मग जून येतो. शेतातून निघालेला ट्रॅक्टर चाकांसोबत काळी माती रोडवर आणतो, वरून एक सर पडते आणि तेवढा शंभर-दोनशे फुटांचा पट्टा साबण फासल्यासारखा होतो. तिथे ब्रेक मारलेला आहे ना कधी? मग पुढचं सांगायला नको.

टायरच्या दुकानात आपण सगळेच दोन प्रश्न विचारतो. पकड कोणत्याची चांगली, आणि चालतो किती. प्रामाणिक दुकानदार असेल तर तो सांगतो की दोन्ही गोष्टी एकाच टायरात पूर्णपणे मिळत नाहीत. मऊ रबर रोडला धरून राहतं पण लवकर झिजतं. कडक रबर वर्षानुवर्षं चालतं पण ओल्या रोडवर हात सोडतं. आपल्याला वाटतं ही कंपन्यांची चलाखी असेल. तसं नाही. ही ओढाताण रबरातच आहे, आणि तिच्या पायी एका माणसाने आपलं आख्खं आयुष्य, तब्येत आणि घरदार पणाला लावलं. त्याचं नाव चार्ल्स गुडइयर.

नाव ओळखीचं वाटलं असेल, कारण ते टायरवर छापलेलं तुम्ही पाहिलंय. पण या माणसाने आयुष्यात टायरची कंपनी काढली नाही. तो गेला १८६० मध्ये, आणि डाइमलरची पहिली पेट्रोलवर चालणारी दुचाकी आली त्यानंतर पंचवीस वर्षांनी. तरी तुमच्या गाडीच्या खाली रोज जे फिरतं, ते त्याच्यामुळे.

चार्ल्स गुडइयरचा जन्म २९ डिसेंबर १८०० चा, अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवनचा. वडील लोखंडी सामान, बटणं, शेतीची अवजारं बनवायचे. मुलानेही तोच धंदा पुढे नेला, फिलाडेल्फियात शेतीच्या अवजारांचं दुकान टाकलं. सुरुवातीला बरं चाललं. पण माल उधारीवर जायचा, उधारी परत यायची नाही, आणि १८३० च्या आसपास दुकान बसलं. डोक्यावर कर्ज राहिलं. कर्ज म्हणजे काय हे आपल्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. फरक एवढाच की त्या काळी तिथे कर्ज फेडता आलं नाही तर सरळ तुरुंगात टाकायचे. गुडइयर त्या तुरुंगात एकदा नाही, अनेकदा जाऊन आला.

१८३४ मध्ये तो न्यूयॉर्कमध्ये एका रबर कंपनीच्या दुकानात शिरला. रॉक्सबरी इंडिया रबर कंपनी तिचं नाव. (नावातल्या इंडियाचा आपल्याशी संबंध नाही. रबर यायचं ब्राझीलच्या जंगलातून. युरोपातले लोक अमेरिका खंडाकडच्या मुलखालाही इंडीज म्हणायचे, त्यातून ते नाव चिकटलं.) तिथे बुडू नये म्हणून कमरेला बांधायचं रबरी साधन त्याने पाहिलं. त्याची हवा भरायची झडप त्याला बरोबर वाटली नाही. घरी जाऊन त्याने चांगली झडप बनवली आणि ती विकायला परत आला. तेव्हा दुकानाच्या मॅनेजरने त्याला खरी अडचण सांगितली. झडप चांगली आहे, पण कंपनीच बुडायला आलीय. हिवाळ्यात विकलेले रबरी बूट, कोट, टोप्या उन्हाळ्यात वितळून गोळा होतात, वास मारतात, आणि लोक ते परत आणून टाकतात. हिवाळ्यात तेच रबर लाकडासारखं कडक होऊन तडकतं.

रबराचा तेव्हाचा प्रॉब्लेम एका वाक्यात हाच होता. उन्हात चिकट, थंडीत ठिसूळ. आणि आज आपण टायरच्या दुकानात जे विचारतो, तो त्याच प्रश्नाचा आजचा अवतार आहे.

गुडइयर रसायनशास्त्र शिकलेला नव्हता. हातात पैसा नव्हता. पण त्याच्या डोक्यात रबर शिरलं ते शिरलंच. कर्जापायी तुरुंगात असतानाच त्याने कच्चं रबर मागवून घेतलं, सोबत बायकोचं लाटणं घेतलं आणि तिथे बसून रबर मळायला, लाटायला लागला. कल्पना साधी होती. चिकट पिठाला आपण वरून कोरडं पीठ लावतो तसं रबरात काहीतरी कोरडं घातलं तर चिकटपणा जाईल. त्याने मॅग्नेशिया घातलं, चुना घातला. दरवेळी वाटायचं की जमलं. माल हिवाळ्यात छान दिसायचा आणि उन्हाळा आला की पुन्हा तोच चिकट लगदा.

मग नायट्रिक ॲसिडने रबराचा पृष्ठभाग कोरडा, गुळगुळीत होतो हे त्याच्या लक्षात आलं. त्या वायूने एकदा तर त्याचा जीव जायची वेळ आली होती. पण या पद्धतीच्या जोरावर त्याला सरकारकडून टपालाच्या दीडशे पिशव्यांची ऑर्डर मिळाली. आता दिवस पालटणार असं घरातल्या सगळ्यांना वाटलं असेल. पिशव्या तयार झाल्या, गरम हवेच्या खोलीत ठेवल्या, आणि काही दिवसांत त्या आपल्याच वजनाने लोंबायला, चिकटायला लागल्या. ॲसिडने फक्त वरचा थर पक्का केला होता. वरून भाजलेली, आतून कच्ची राहिलेली भाकर असते ना, तसं.

या सगळ्या काळात त्याच्या घरचे कसे जगत होते, हे वाचताना मला राग येतो, खोटं कशाला सांगू. घरातल्या वस्तू विकल्या गेल्या, मुलांची शाळेची पुस्तकंसुद्धा विकली गेली. त्याची पत्नी क्लॅरिसा हे सगळं सोसत राहिली. त्यांची अनेक मुलं लहानपणीच गेली. महान संशोधकांच्या गोष्टी आपण ज्या थाटात वाचतो, त्यात ही बाजू दोन ओळींत उरकली जाते. त्याच्या जिद्दीचं कौतुक करा, पण त्या जिद्दीचं बिल कोण भरत होतं तेही बघा.

१८३८ च्या सुमारास बोस्टनजवळच्या वोबर्न गावात त्याला नॅथॅनियल हेवर्ड नावाचा माणूस भेटला. हा आधी रबर कारखान्यात काम करत होता. रबरात गंधक मिसळून ते उन्हात वाळवलं तर चिकटपणा कमी होतो, हे हेवर्डने शोधलं होतं. गुडइयरने त्याच्याकडून तो हक्क विकत घेतला. पण इथेही गोष्ट तीच, वरचा थर सुधारायचा, आत कच्चं.

आणि मग १८३९ चा हिवाळा. गंधक मिसळलेल्या रबराचा एक तुकडा तापलेल्या लोखंडी शेगडीला लागला. रबर तापलं की वितळतं, हे तोवर सगळ्यांना पाठ होतं. हा तुकडा वितळला नाही. चामडं जळावं तसा तो कोळपला. शेगडीजवळ बसलेल्या दुसऱ्या कुणी तो उचलून फेकला असता. गुडइयरने तो नीट पाहिला. मध्ये जळून काळा झालेला भाग होता, बाहेर कच्चा चिकट भाग होता, आणि या दोघांच्या मध्ये एक अरुंद पट्टी होती, कोरडी, लवचिक, ताणली की परत येणारी. त्याला जे हवं होतं ते त्या पट्टीत होतं. त्याने तो तुकडा रात्रभर बाहेर कडाक्याच्या थंडीत खिळ्याने ठोकून ठेवला. सकाळी तो तडकला नव्हता.

ती अरुंद पट्टी लक्षात ठेवा, कारण टायरचा सगळा हिशेब तिच्यात आहे. जास्त भाजलं तर कोळसा, कमी भाजलं तर चिकट. मधली जागा कुठे, हे शोधायला त्याला आणखी पाच वर्षं लागली. किती गंधक, किती उष्णता, किती वेळ. शेजारपाजारच्या भट्ट्या, कारखान्यांचे बॉयलर, बायकोचा स्वयंपाकाचा चुल्हा, जिथे आच मिळेल तिथे त्याने रबर भाजून पाहिलं. शेवटी दाबाखालच्या वाफेत साधारण १३० अंश सेल्सिअसला चार ते सहा तास ठेवलं की रबर आतून-बाहेरून सारखं पक्कं होतं, हे त्याला सापडलं. १५ जून १८४४ ला त्याला अमेरिकेचं पेटंट मिळालं, क्रमांक ३६३३.

यात नेमकं घडतं काय? कच्च्या रबराचे रेणू म्हणजे शिजलेल्या शेवयांचा गुंता समजा. लांबच लांब धागे, एकमेकांवरून घसरणारे. उष्णता दिली की आणखी घसरतात, म्हणून रबर वाहायला लागतं. गंधक घालून तापवलं की गंधकाचे अणू या धाग्यांमध्ये जागोजागी छोटे पूल बांधतात. आता धागा ताणला जातो, पण सुटून जात नाही, हात सोडला की परत जागेवर येतो. पूल कमी असले तर रबर मऊ. पूल वाढवले तर कडक. आणि गंधक तीस टक्क्यांच्या आसपास नेलं तर जे बनतं त्याला एबोनाइट म्हणतात, ज्याचे कंगवे आणि शाईपेनं बनली. गुडइयरच्याच भावाने, नेल्सनने, १८५१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. म्हणजे तेच झाड, तोच चीक, आणि एका टोकाला चिकट लगदा, दुसऱ्या टोकाला कंगवा. तुमच्या गाडीचा टायर या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतो. तो नेमका कुठे बसवायचा हे कंपनी ठरवते, आणि कोणता घ्यायचा हे तुम्ही.

पुढे रबरात आणखी गोष्टी आल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत टायर काळे नव्हते, पांढुरके असायचे आणि लवकर झिजायचे. त्यात कार्बन ब्लॅक, म्हणजे एक प्रकारची बारीक काजळी, घातली तेव्हा झीज एकदम कमी झाली आणि टायर काळा झाला. १९९० नंतर सिलिका वापरून ओल्या रोडवरची पकड वाढवायची पद्धत रुळली. कृत्रिम रबर तर आहेच. या सगळ्याने गुडइयरची ती पट्टी थोडी रुंद झाली. पण तिच्या दोन्ही बाजूंच्या कडा अजून तिथेच आहेत.

आता तुमच्या गाडीकडे या. तुम्ही शंभर-सव्वाशे सीसीची गाडी चालवता, रोज गाव ते कॉलेज, बहुतेक सरळ रोड. अशा गाडीचा मागचा टायर मधोमध झिजतो, बाजू नव्यासारख्या राहतात आणि टायर चपटा होत जातो. त्यामुळे गाडी वळणावर झुकवताना विचित्र वाटायला लागते. काही कंपन्या याच कारणाने एकाच टायरात दोन प्रकारचं रबर वापरतात, मधे कडक आणि कडेला मऊ. असा टायर तुमच्या साइझमध्ये मिळत असेल आणि खिशाला झेपत असेल तर विचार करण्यासारखा आहे.

खिसा हलका असेल तर माझं मत सरळ आहे. पुढच्या चाकाला पकड, मागच्या चाकाला आयुष्य. इंजिनाचा जोर मागचा टायर रोडवर उतरवतो, त्यामुळे तो लवकर संपतो, तिथे टिकाऊ टायर घ्या. पण ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे येतं आणि थांबवायचं मोठं काम पुढचा टायर करतो. पुढचं चाक घसरलं तर सावरायला वेळच मिळत नाही. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. पुढचा टायर हळू झिजतो म्हणून सात-आठ वर्षं तोच राहतो. नक्षी दिसत असते, पण रबर सुकून कडक झालेलं असतं. सुरुवातीला नख रोवायला सांगितलं ते म्हणून. टायरच्या कडेला चार आकडे असतात, त्यातले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. २३२४ असेल तर तो २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नवा म्हणून विकला जाणारा टायर दुकानात किती वर्षं पडून आहे, हे यावरूनच कळतं.

बटण टायरचा मोह आवरा, म्हणजे ते जाड-जाड ठोकळ्यांचे. शेतात रोज गाडी घालणाऱ्याला ते कामाचे आहेत, मऊ मातीत ते रुततात आणि पुढे ढकलतात. पण डांबरी रोडवर त्यांचं कमी रबर जमिनीला टेकतं, त्यामुळे ते लवकर झिजतात आणि ओल्या डांबरावर ब्रेक लागायला जास्त अंतर लागतं. आणि आपली काळी माती एकदा भिजली की कोणत्याही टायरच्या खाचा भरून टाकते. रोडवर आल्यावर काही अंतर हळू चालवा, माती उडून जाऊ द्या. तेवढ्याच मोहातलं दुसरं म्हणजे गाडी भारी दिसावी म्हणून रुंद टायर बसवणं. अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की त्याचा गोलवा बिघडतो. कंपनीने दिलेला साइझ सोडू नका.

खाचांच्या आत छोटे उंचवटे असतात, टायरच्या बाजूला टीडब्ल्यूआय अशी अक्षरं किंवा छोटा बाण त्यांची जागा दाखवतो. झिजत-झिजत टायर त्या उंचवट्याला टेकला की त्याचं काम संपलं. गोटा झालेला टायर कोरड्या रोडवर चालतोसुद्धा, म्हणून माणूस फसतो. खाचा असतात त्या पाणी बाहेर काढायला. पाणी नसेल तोवर त्यांची उणीव कळत नाही, पहिल्या पावसात कळते. आणि हवा. उन्हाळ्यात टायर फुटेल म्हणून हवा कमी ठेवणारे बरेच आहेत. कमी हवेचा टायर जास्त लवतो, जास्त तापतो आणि कडेने झिजतो. हवा किती हे गाडीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, ती सकाळी टायर थंड असताना तपासायची. आणि नवा टायर घातल्यावर पहिले शंभरेक किलोमीटर गाडी जपून झुकवा, साच्यातून काढताना लागलेला गुळगुळीतपणा त्यावर असतो.

साचा म्हटलं की पुन्हा गुडइयर आठवतोच, कारण टायर आजही गरम साच्यात गंधकासह भाजूनच तयार होतो. आपल्या विदर्भात बुटीबोरीला सिएटचा दुचाकीच्या टायरचा कारखाना आहे, तिथेही शेवटची पायरी तीच. या क्रियेला व्हल्कनायझेशन म्हणतात, रोमन लोकांच्या अग्निदेवतेच्या नावावरून. हे नाव मात्र गुडइयरने दिलं नाही. ते इंग्लंडच्या थॉमस हॅनकॉकच्या एका मित्राने सुचवलं.

हा हॅनकॉक म्हणजे गुडइयरच्या आयुष्यातली मोठी ठेच. इंग्लंडमध्ये दाखवायला पाठवलेले गुडइयरच्या रबराचे नमुने त्याच्या हाती पडले, त्याने त्यावरून अभ्यास केला आणि १८४३ मध्ये इंग्लंडमध्ये आपल्या नावाने पेटंटसाठी अर्ज करून टाकला. गुडइयर तिथे उशिरा पोचला आणि पुढे कोर्टातही हरला. अमेरिकेत लोक त्याची पद्धत बिनधास्त चोरत होते. १८५२ मध्ये ट्रेंटनला गाजलेला खटला झाला, डॅनियल वेबस्टरसारखा नामांकित वकील त्याच्या बाजूने उभा राहिला आणि निकाल त्याच्या बाजूने लागला. पण जिंकलेला पैसा त्याच्याकडे थांबायचा नाही. लायसन्स तो स्वस्तात द्यायचा, आणि हातात आलेलं प्रदर्शनांवर उडवायचा. १८५१ ला लंडनमध्ये त्याने फर्निचरपासून सगळं रबराचं असलेलं दालन उभारलं. १८५५ ला पॅरिसमध्ये पुन्हा तेच. त्याच वर्षी तिथे त्याला कर्जापायी अटक झाली, आणि फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याने दिलेला लिजन ऑफ ऑनरचा सन्मान त्याला मिळाला तेव्हा तो पॅरिसच्या तुरुंगात होता.

१८६० च्या उन्हाळ्यात मरणाच्या दारात असलेल्या मुलीला भेटायला तो निघाला. न्यूयॉर्कला पोचेपर्यंत ती गेल्याची बातमी आली. तिथेच १ जुलैला तोही गेला. मागे साधारण दोन लाख डॉलरचं कर्ज होतं.

अडतीस वर्षांनी, १८९८ मध्ये, ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावात फ्रँक सायबरलिंग नावाच्या माणसाने सायकलचे आणि बग्गीचे टायर बनवायला कंपनी काढली आणि तिला गुडइयरचं नाव दिलं. त्या घराण्याशी त्याचं काही नातं नव्हतं. कारखान्याची जागा घ्यायला सायबरलिंगकडेही पैसे नव्हते. पहिले साडेतीन हजार डॉलर त्याने मेहुण्याकडून उसने घेतले होते.